घड्याळ नको, क्रम हवा. आणि शेळीच्या धारेबद्दल थोडं

तान्हं बाळ सांभाळून जनावरं आणि बाग कशी जमवायची, या प्रश्नावर दिवस तासातासाने आखून घ्या, असं इतरांनी सुचवलंय. अंगावर पिणारं बाळ असताना ते टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. क्रम तेवढा ठरवावा: आधी जनावरांचं दाणापाणी, मग बाग, बाकीचं जमेल तसं. तासभर मागेपुढे झालं तरी काही बिघडत नाही.

पण दुभत्या शेळीचं काय, हे कुणीच लिहिलं नाही. धार दोन वेळा काढलीच पाहिजे असं नाही. करडं दोनेक आठवड्यांची होऊन चांगली पिऊ लागली की रात्री वेगळी ठेवायची, सकाळी धार काढून त्यांना दिवसभर आईजवळ सोडायचं. संध्याकाळची कास तीच रिकामी करतात. आपल्या वाट्याला दूध कमी येतं, पण धाकटी तापाने फणफणलेली असायची तेव्हा तिला मांडीवरून उतरवून गोठ्याकडे धावावं लागलं नाही, हे मला फार मोलाचं वाटलं. सकाळ चुकणार असेल, तर रात्री करडं वेगळी करायचीच नाहीत. मात्र ती दूध प्यायची थांबली की ही सवड संपते. मग धार चुकली तर कास तटतटते आणि कासदाहाची, म्हणजे कास सुजण्याच्या आजाराची, भीती असते.