बोल्टच्या रेषेवरून चाललं तरी
छपराचे जुने पत्रे काढताना बोल्टच्या रेषेवरून चाललं की सिमेंटचा पत्रा फुटत नाही, असं काही जण म्हणतात. त्या रेषेखाली पत्र्याला आधार देणारा लोखंडी अँगल असतो, खरं. पण तो जेमतेम दोन इंच, अन् हातात सुटा पत्रा असल्यावर तोल राहते कुठं? आमच्या यवतमाळकडं मे महिन्यात कापसाच्या जिनिंगच्या शेडवर हेच पत्रे काढायचं काम चालू होतं. पोराच्या पायात स्लिपर. शेवाळानं काळा पडलेला, पण धड दिसणारा पत्रा कट्कन गेला. पंधरा फूट. कंबर मोडली. गंजले बोल्ट सुटेनात म्हणून पत्रे हातोड्यानं फोडत होते, म्हणजे सिमेंटच्या पत्र्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसची, फुफ्फुसाला घातक तंतूंची, धूळ खालच्या बायांच्या नाकात. खरं तर पाणी मारून, मचाणावरून, अख्खा पत्रा उतरवायचा असतो. वर चढायचंच तर फळ्या अन् खाली जाळी. ठेकेदार म्हणे, फळ्यांचं भाडं कोण देईन?