मेन्सला चार प्रश्न कोरे राहिले. मराठी माध्यम सोडू का?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी यूपीएससीच्या मेन्सला, म्हणजे मुख्य लेखी परीक्षेला, पहिल्यांदा बसले. माध्यम मराठी, ऑप्शनल मराठी साहित्य. जीएस २ ला, म्हणजे सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरला, शेवटचे चार प्रश्न कोरे सोडून आले. चारही पंधरा मार्कांचे, म्हणजे ६० मार्क मी कागदाला हात न लावताच दान केले. येत नव्हते असंही नाही. त्यातल्या दोनांवर तर महिनाभर आधीच नोट्स काढल्या होत्या.

वीस प्रश्न, तीन तास. दहा मार्कांच्या उत्तराला सात मिनिटं आणि पंधराच्याला अकरा, हा हिशोब मला पाठ आहे. पण पहिल्या पाच उत्तरांतच पन्नास मिनिटं गेली होती. मनगट भरून आलं, अक्षर बिघडलं, मग बिघडलेलं अक्षर बघून आणखी सावकाश लिहायला लागले.

आता अभ्यासिकेतले सगळे म्हणतात, इंग्रजी माध्यम घे, मराठीत लिहायला वेळ लागतो. बारावीपर्यंत मराठीत शिकले, कृषी पदवी इंग्रजीत झाली. इंग्रजी वाचते बऱ्यापैकी, लिहिताना मात्र अडखळते. हा तिसरा अटेम्प्ट आहे, आणि फॉर्ममध्ये माध्यम एकदा भरलं की परत फिरता येत नाही. कुणी हा बदल केलाय का? खरंच वेळ वाचतो का?

सरळमार्गी

घ्या इंग्रजी. मटेरियल इंग्रजीत, प्रश्न इंग्रजीत, मग उत्तरच तेवढं मराठीत कशाला? भावनेचा विषय करू नका.

चौथ्यांदा

ताई, मी बदल केला होता, आणि परत आलो.

दुसऱ्या अटेम्प्टला मराठी सोडून इंग्रजी घेतलं. कारण अगदी तुमचंच. वीसच्या वीस प्रश्न लिहून झाले, बाहेर आलो तेव्हा हवेत होतो. मार्क मात्र आधीपेक्षा कमी. तपासलेली उत्तरपत्रिका काही आपल्याला बघायला मिळत नाही, त्यामुळे नेमकं कुठे गेलं ते सांगता येणार नाही. पण त्या वर्षीची सरावाची उत्तरं अजून कपाटात आहेत. वाचली की कान गरम होतात. प्रत्येक गोष्ट 'व्हेरी इम्पॉर्टंट', प्रत्येक शेवट 'वे फॉरवर्ड'. माझं म्हणणं काय आहे, ते चार पानं उलटली तरी सापडत नाही. येत होतं तेवढंच इंग्रजी मी लिहीत होतो, विचार त्या मापात कापून.

तुमचा वेळ हातात जात नाहीये, डोक्यात जातोय. प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीत असते. आपण इंग्रजी प्रश्न वाचतो, वाचन इंग्रजीत झालेलं असल्यामुळे पहिलं वाक्यही मनात इंग्रजीतच येतं, आणि मग ते ओढून मराठीत आणतो. असं प्रत्येक वाक्याला. एकदा स्वतःवर घड्याळ लावून बघा, पेन थांबलेलं असतं तो वेळ किती आहे. मी बघितला तेव्हा माझाच विश्वास बसेना.

यावर मी केलं ते एवढंच: वाचायचं इंग्रजीत, पण पुस्तक मिटल्याशिवाय नोट काढायची नाही. मिटलं की चार ओळी मराठीत, आठवतील तशा. पहिले पंधरा दिवस नुसता वैताग येतो.

दुसरं, सुरुवात. बहुतेक आपण व्याख्येत अडकतो. समजा प्रश्न आला, जीएसटी परिषद सहकारी संघराज्याला बळ देते का. मी आधी असं सुरू करायचो: 'भारत हे संघराज्य असून राज्यघटनेने केंद्र व राज्य यांच्यात अधिकारांची विभागणी केली आहे.' दीड मिनिट गेलं, मार्क शून्य. हे तपासणाऱ्याला माहीत आहे हो! आता असं लिहितो: 'कलम २७९-अ नुसार परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे सगळी राज्ये एकत्र आली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही आणि निम्म्याहून बऱ्याच जास्त राज्यांशिवाय केंद्राचेही चालत नाही.' एकच वाक्य, पण निम्मं उत्तर त्यातच आलं. आणि बघा, मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे दीडशे शब्दांच्या मर्यादेत इंग्रजीपेक्षा जास्त मजकूर मावतो. हा फायदा कुणी मोजतच नाही.

आता शिरोरेषा. मी देत नाही. चांगलाच वेळ वाचतो, मनगटही कमी दुखतं. फक्त 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्या डोक्याकडे लक्ष ठेवा, कारण रेघ गेली की फरक तेवढ्या वळणावरच उरतो. टेस्ट सिरीजच्या एका पेपरात माझ्या 'परराष्ट्र धोरण' भोवती तपासणाऱ्याने लाल गोल करून लिहिलं होतं, 'परराष्ट्र घोरण?'

पेन्शनर_काका

वरच्या उत्तराशी सहमत, एक भर घालतो. जीएसटीच्या त्या उत्तरात २०२२ चा मोहित मिनरल्स निकाल यायलाच हवा. परिषदेच्या शिफारशी केंद्र-राज्यांवर बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. तो नसेल तर उत्तर लंगडं.

सरळमार्गी, भावनेचा विषय नाही म्हणता, पण मार्च २०१३ मध्ये आयोगाने प्रादेशिक भाषांच्या माध्यमावर अटी घातल्या होत्या, तेव्हा संसदेत गदारोळ होऊन त्या मागे घ्याव्या लागल्या. आयती हातात आलेली सोय टाकण्याआधी एवढं तरी माहीत असावं.

आणखी एक. मराठीत लिहिताना तांत्रिक संज्ञेचा इंग्रजी प्रतिशब्द कंसात देता येतो, नियमातच आहे. पण संज्ञेपुरताच. अर्धं वाक्य इंग्रजीत घुसडलं तर मार्क कापतात. आणि एमपीएससीच्या राज्यसेवेचाही फॉर्म भरत असाल तर २०२५ पासून तिची मेन्सही वर्णनात्मक झाली आहे, लेखी १७५० मार्कांची. तोच सराव तिकडेही चालेल.

निळी_शाई

'परराष्ट्र घोरण' वाचून अभ्यासिकेत मोठ्याने हसले. शेजारच्याने इअरफोन काढून बघितलं.

दादा, सांगितलंत तसं काल घड्याळ लावलं. दहा मार्कांचा एक प्रश्न, लागली नऊ मिनिटं वीस सेकंद, त्यात पेन थांबलेलं जवळजवळ चार मिनिटं. म्हणजे हात बिचारा निर्दोष. एका जागी तर 'ज्युडिशियल ओव्हररीच'ला मराठी काय, यावरच अडकले होते. 'न्यायिक अतिक्रमण' सुचायला मिनिट गेलं. आता असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला घेतलेत, आज अकरा झाले.

शिरोरेषा सोडून दोन पानं लिहून बघितली. सवय एवढी घट्ट आहे की शब्द संपला की हात आपोआप मागे जातो. माध्यमाचं अजून ठरवलेलं नाही, पण या रविवारी पूर्ण वीस प्रश्नांचा पेपर मराठीतच लावतेय.

चौथ्यांदा

पंधरावाल्यांपासून सुरुवात करून बघा. अकराव्या प्रश्नापासून विसाव्यापर्यंत आधी, मग दहावाले. कोरे राहिलेच तर स्वस्तातले राहतील. फक्त उत्तर त्या-त्या प्रश्नाच्या नेमून दिलेल्या जागेतच लिहा, घाईत मी एकदा चुकलो होतो.