श्रावणात महिनाभर दारू बंद: एकदम सोडावी की हळूहळू?

प्रश्न: रोज रात्री क्वार्टर घेणाऱ्याने गटारीनंतर एकदम थांबलं तर चालतं का? झोपेचं काय?

उत्तर १: क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्क्यांची; पोटात सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल. वर्षानुवर्षं रोज चालू असेल तर आधी डॉक्टरांना भेटा आणि प्रमाण खरं सांगा. बंद केल्यावर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. चहाचा कप बशीवर खडखडायला लागतो. फिट आली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत. भास, बरळणं दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. अशा वेळी थेट दवाखाना, घरी लिंबूपाणी पाजत बसू नका. आधी कधी सोडताना फिट आली असेल तर घरी प्रयोग नकोच.

उत्तर २: गटारीला दुप्पट पिऊन थांबणं सगळ्यात वाईट. आणि पहिल्याच श्रावणी सोमवारी कडक उपवास नको, रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व बहुधा आधीच कमी असतं. त्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारा. झोप आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त उडते. घरात पडलेली झोपेची गोळी घेऊ नका. तलफ संध्याकाळी ७ ते ९ला, रिकाम्या पोटी जोरात येते. सातलाच भाकरी-उसळ खाऊन घ्या.

उत्तर ३: उरलेली बाटली घरात ठेवू नका. महिन्यानंतर सहनशक्ती उतरलेली असते, तीच क्वार्टर जास्त चढते. मग गाडीला हात लावू नका.