‘गोल जज’ला मराठीत काय म्हणावं?

उपशीर्षका
मंडळी, कॅनडातल्या आइस हॉकीवरच्या एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करते आहे. जुन्या काळापासून आजपर्यंतचा प्रवास आहे. त्यात एक माणूस सारखा दिसतो. गोलच्या जाळ्यामागे, काचेपलीकडे, खुर्चीवर बसलेला. हाताशी एक बटण. चकती (या खेळात चेंडूऐवजी असते ती, इंग्रजीत ‘पक’) गोलरेषा पूर्ण ओलांडून आत गेली की त्याने बटण दाबायचं आणि जाळ्यामागचा लाल दिवा लागतो. इंग्रजीत त्याला ‘गोल जज’ म्हणतात. मी सरळ ‘गोलपंच’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते सगळीकडे खोडून ‘गोल न्यायाधीश’ केलं आणि शेरा लिहिला की जज म्हणजे न्यायाधीश, पंच म्हणजे अंपायर, आणि इथे अंपायर वेगळा आहे.

मला ‘न्यायाधीश’ अजिबात पटत नाही. पण ‘पंच’ तरी बरोबर आहे का, अशी आता शंका येते आहे. शुक्रवारी फाइल द्यायची आहे.

दुसरा पेच: एक वाक्य आहे, ‘गोल जजने दिवा लावला’. तिकडे ‘लाइट द लॅम्प’ म्हणजे गोल करणं, असा खेळाडूंच्या तोंडचा वाक्प्रचारच आहे. आपल्याकडे ‘दिवे लावले’ म्हटलं की काय ऐकू येतं ते सांगायला नको.

गिरणगावकर
ताई, गोलपंचच ठेवा, मागे हटू नका. कबड्डीत रेषापंच आहे ना? अंतिम रेषेच्या कोपऱ्यावर बसलेला असतो, बाद खेळाडूंवर आणि रेषेवर नजर ठेवतो. त्याला कुणी ‘रेषा न्यायाधीश’ म्हणत नाही. लालबाग-परळच्या मैदानांवर आमचं लहानपण गेलं. सरपंच, पंच, रेषापंच, गुणलेखक, वेळाधिकारी ही नावं आम्ही कोशातून शिकलो नाही, सामन्याच्या तक्त्यावरून शिकलो. ज्याचं ज्या गोष्टीकडे लक्ष, त्या गोष्टीचं नाव पुढे आणि पंच मागे. हा साचा तयारच आहे, त्यात गोलपंच अलगद बसतो.

पार्लेकरीण
साचा मान्य. पण ‘गोल’ मराठी आहे का? मराठीत गोल म्हणजे वाटोळा. अर्धा इंग्रजी, अर्धा मराठी असा जोडशब्द करण्यापेक्षा ‘लक्ष्यनिरीक्षक’ का नको? सावरकरांनी महापौर, दिनांक, चित्रपट हे शब्द दिले तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच. आज मुंबईच्या महापौरांना ‘मेयर’ म्हणून पाहा, कानाला कसंसंच वाटतं. वापरलं की शब्द रुळतो. आपण वापरायच्या आधीच हार मानतो.

गिरणगावकर
‘गोलरक्षक’ किती वर्षं छापून येतोय? गोलरक्षक वाचून कुणाला वाटोळा रक्षक आठवला? शब्द रुळलेला असताना त्याची जात विचारायची कशाला? आणि निरीक्षक म्हटलं की आमच्याकडे पोलीस ठाणंच आठवतं.

किल्लाकोर्ट
पोलीस ठाण्याचा विषय निघालाच आहे तर एक वेगळी बाजू मांडतो. वकिली करतो, म्हणून ‘पंच’ शब्द रोज हाताखालून जातो, पण खेळातला नव्हे. पंचनाम्यातला.

पंचनाम्यातला पंच निवाडा देत नाही. तो उभा राहतो, बघतो, आणि जे बघितलं त्याखाली सही करतो. ‘पंचासमक्ष’ या शब्दाचा सगळा अर्थ त्या समक्षपणात आहे. आरोपी दोषी की निर्दोष, हा त्याचा विषयच नाही. पेटीतून काय निघालं, कुठून निघालं, एवढंच. पुढे त्या सहीला किती वजन द्यायचं ते न्यायालय ठरवतं.

म्हणजे मराठीत ‘पंच’ शब्दाला दोन अंगं आहेत. एक ठरवणारा, दुसरा पाहणारा. उपशीर्षकाताई, तुमचा हा काचेमागचा माणूस यातला कोण? चकतीने रेषा ओलांडली एवढंच तो सांगत असेल, आणि गोल द्यायचा की नाही ते दुसरा कुणी ठरवत असेल, तर तो शंभर टक्के पंच आहे, दुसऱ्या अर्थाने. आणि तसं असेल तर ‘न्यायाधीश’ नुसता जड नाही, चूक आहे.

उपशीर्षका
किल्लाकोर्ट, अगदी तसंच आहे! चकती दोन खांबांच्या मधून रेषेपार गेली का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर त्याने द्यायचं. खेळाडूने ती स्केटने मुद्दाम लाथाडली का, काठी आडव्या दांड्याच्या वर नेऊन मारली का, गोलरक्षकाला अडवलं का, हे सगळं रेफ्री बघतो. दिवा लागला तरी रेफ्री गोल नाकारू शकतो, आणि दिवा नाही लागला तरी देऊ शकतो. शेवटचा शब्द त्याचा.

माहितीपटातला सुरुवातीचा भाग मला फार आवडला. तेव्हा जाळंच नव्हतं. बर्फात नुसते दोन खांब, आणि त्यांच्या मागे हा माणूस बर्फावरच उभा. चकती आत गेली की हात वर करायचा किंवा रुमाल हलवायचा. चकती म्हणजे कडक रबराची, 3 इंच व्यासाची, 1 इंच जाडीची, आणि हा समोर उघडा उभा. खांबांच्या आतून गेली की बाहेरून, यावर सतत भांडणं. साधारण 1900 च्या सुमारास जाळं आलं. मग दिवे आले. लाल दिव्याशेजारी एक हिरवाही असतो. घड्याळात शून्य झालं की तो आपोआप लागतो, आणि तो लागला की लाल दिवा लागूच शकत नाही. म्हणजे वेळ संपल्यावर गोल झाला की आधी, हा वाद वायरिंगनेच मिटवला.

तरणतलाव
दादर शिवाजी पार्कच्या तलावात वॉटरपोलो खेळलो आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे गोल जज असतोच की! काठावर, बरोबर गोलरेषेच्या टोकाशी बसलेला. गोल झाला की दोन्ही हात वर करून फुली करायची. कॉर्नर दिला तर त्या दिशेने हात. आम्ही सगळे मराठी, प्रशिक्षक मराठी, तरी ‘गोलजज’ असा एकच शब्द म्हणायचो. ‘गोलजजला विचार’, ‘गोलजजने हात केला’. गोलपंच मी आयुष्यात ऐकला नाही. जे माणसं बोलतात ते लिहायला काय हरकत आहे?

एक फरकही लक्षात आला. आमचा गोलजज रेषेच्या टोकाला बसतो, म्हणजे रेषेवरून नजर सरळ जाते. आइस हॉकीतला मागून बघतो. मागून बघणाऱ्याला चकती रेषेवर आहे की रेषेपार, हे कसं कळत असेल? रेषा 2 इंच, चकती 3 इंच, वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या वर.

पार्लेकरीण
माणसं बोलतात म्हणून लिहायचं तर उद्या ‘टाइम नाहीये’ हेही प्रमाण मराठी ठरेल. गोलजज हा पाण्यात घाईने ओरडायचा शब्द आहे. वाचायच्या मजकुरात तो का चालवून घ्यायचा?

तरणतलाव
‘जज’ काय कालचा शब्द आहे? ‘जजसाहेब’ दीडशे वर्षं तरी म्हणत असतील मुंबईत. ‘टेबल’ नाही काढून टाकलंत ते!

हॉकीवेडा अंधेरी
शब्दापेक्षा हा माणूस आज उरला आहे का ते बघा. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये 1991-92 च्या हंगामापासून व्हिडिओ तपासणी आहे. जाळ्याच्या वर कॅमेरा, जाळ्यात कॅमेरा, आणि टोरांटोतल्या एका कक्षात बसून सगळ्या सामन्यांवर नजर. 2015 पासून प्रशिक्षकही निर्णयाला आव्हान देऊ शकतो. बऱ्याच स्टेडियममध्ये गोल जजला काचेमागून उठवून वर कुठेतरी बसवलं, कारण ती जागा म्हणजे सगळ्यात महागडं तिकीट. लाल दिवा अजून लागतो, लोकांना तो हवा असतो. पण खरं कोण ठरवतं? कॅमेरा. तेव्हा ‘गोलदिवेकरी’ वगैरे म्हणा, पंच कशाला?

किल्लाकोर्ट
कॅमेरा आला म्हणून पंच जात नाही, हे आमच्या क्षेत्रात तरी दिसतं आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करावं लागतं, शक्यतो मोबाइलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. पण जप्तीच्या यादीवर साक्षीदारांच्या सह्या लागतातच. मी दोन्हींची उलटतपासणी घेतो. पंच विसरतो, घाबरतो, फितूर होतो, हे खरं. पण चित्रणाला मी ‘तू कुठे उभा होतास, तुझ्या डाव्या हाताला काय होतं’ असं विचारू शकत नाही. चौकटीबाहेरचं त्याला माहीतच नसतं.

हॉकीवेडा अंधेरी
खेळात चौकटीबाहेर काही नसतं हो. रेषा एक, चकती एक.

गिरणगावकर
असं असतं तर 2004 ची रड आजही का चालू असती? स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाची अंतिम मालिका, सहावा सामना, कॅलगरीत. कॅलगरी कपपासून फक्त एका विजयावर. तिसऱ्या टप्प्यात कॅलगरीच्या मार्टिन जेलिनाच्या स्केटला लागून चकती गोलकडे गेली, टँपा बेचा गोलरक्षक खाबिबुलिन याने पॅडने अडवली. दिवा नाही लागला, खेळ थांबला नाही. मग टीव्हीवर एका कोनातून दाखवलं, चकती रेषेपार दिसते, मध्ये पांढरा बर्फ दिसतो. पण चकती बर्फावर टेकलेली होती की हवेत होती? हवेत असेल तर त्या कोनातून ती आहे त्यापेक्षा आत दिसणार. तेव्हा व्हिडिओ तपासणीला तेरा हंगाम झाले होते. टँपाने तो सामना जादा वेळेत जिंकला आणि मग सातवाही. कॅलगरीवाले अजून म्हणतात, गोल होता.

कॅमेऱ्यालाही कोन असतो, एवढंच माझं म्हणणं. माणसाला असतो तसाच.

पार्लेकरीण
हे मात्र पटलं. आणि म्हणूनच ‘निरीक्षक’ योग्य. निर्+ईक्ष, नीट बघणारा.

निळीशाई
जरा उशिरा आले. पंच शब्द पाचवरून आला हे सगळ्यांना माहीत आहे, पण आपली ‘पंचाईत’ही पंचायतीतूनच आली. चार लोक ठरवायला बसले की आपली अडचण व्हायचीच! आमची आजी तर म्हणायची की ‘पंचा’सुद्धा पाच हात लांब म्हणून पंचा. ते खरं की खोटं, कुणी सांगेल का?

आणि पंच मैदानातच हवा असं कुठे आहे? नोव्हेंबर 1992, डर्बन. तिसऱ्या पंचाने टीव्हीवर बघून बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज आपला सचिन. धावबाद. तेव्हापासून आपण ‘तिसरा पंच’ म्हणतोय. तो पडद्यासमोर खोलीत बसलेला असतो, तरी पंचच. कबड्डीतही आता टीव्ही पंच आहे. हा शब्द यंत्राला घाबरलेला नाही.

मला जास्त काळजी दिव्याच्या वाक्याची वाटते. ‘गोलपंचाने दिवा लावला’ वाचून प्रेक्षक समजेल की त्याने काहीतरी गोंधळ घातला. ‘लाल दिवा पेटवला’ करा. ‘लाल’ आलं की टोमणा निघून जातो.

तरणतलाव
‘लाल दिवा’ म्हटलं की मंत्र्यांची गाडी. ते दिवे 2017 मध्ये निघाले, पण शब्दात अजून आहेतच. शिवाय सिग्नलचा लाल म्हणजे थांब. इथे लाल म्हणजे जल्लोष. न समजावता कसं कळणार?

निळीशाई
चित्र समोर दिसतंय ना, कळेल. ‘पेटवला’ मध्ये मात्र काडी ओढल्यासारखं वाटतं, विजेच्या दिव्याला ‘लावला’च बरं. कर्त्याला काढूनच टाका: ‘लाल दिवा लागला’. कुणी लावला ते खुर्चीवरच्या माणसाकडे बघून समजतं.

उपशीर्षका
‘लाल दिवा लागला’ घेतलं. पुढे ‘आणि मग दिवा विझला’ असं आहे, तिथे काय करू?

पार्लेकरीण
विझला नको, अशुभ वाटतं. आमच्या घरी दिवा मालवतात. देवापुढचा ‘शांत झाला’ म्हणतात.

गिरणगावकर
स्टेडियमचा दिवा शांत झाला? बंद झाला म्हणा की सरळ.

हॉकीवेडा अंधेरी
मघापासून सगळे ‘चकती’ म्हणताय त्यावर कुणीच बोललं नाही. थंडीत लेहला गेलो होतो, कारझूच्या गोठलेल्या तळ्यावर पोरं खेळत होती. सगळे ‘पक’च म्हणत होते. चकती म्हणजे नळाच्या वॉशरची. पक घसरतो तो कॅरमच्या सोंगटीसारखा. सोंगटी म्हणा! मुंबईच्या प्रत्येक चाळीतल्या माणसाला डोळ्यांपुढे उभी राहील.

गिरणगावकर
सोंगटीला स्ट्रायकर मारतो, पकला काठी मारते. तुमच्या हिशेबाने स्ट्रायकरच पक झाला.

निळीशाई
स्ट्रायकरला मराठीत काय म्हणतात? आमच्या वाडीत मोठी माणसं वेगळं काहीतरी म्हणायची, आत्ता आठवत नाहीये. कुणाला माहीत आहे?