जिम्नीची स्टेपनी: जुन्या मापाची चालेल का?

प्रश्न (कासारवडवली, ठाणे)

नमस्कार. माझ्याकडे 2023 सालची जिम्नी (मारुती सुझुकीची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी) आहे. कंपनीचे 195/80 आर15 मापाचे चार टायर काढून मी 215/75 आर15 चे ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही वाटांवर चालणारे) टायर बसवले. मागच्या दरवाज्यावरची स्टेपनी कोरी होती, म्हणून ती जुन्याच मापाची राहू दिली. गेल्या महिन्यात नाणेघाटाच्या पायथ्याशी, वैशाखऱ्यापुढच्या कच्च्या वाटेवर, काळ्या दगडाच्या धारेने मागच्या डाव्या टायरची कड बोटभर फाटली. पंक्चरच्या दोरीने भागण्यासारखे ते नव्हतेच. स्टेपनी लावून फोर-हायमध्ये (चारही चाकांना इंजिनाचा जोर देऊन) चढ पार केला. परंतु डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळू लागली आणि लिव्हर टू-हायमध्ये (फक्त दोन चाकांना जोर देणाऱ्या स्थितीत) येईना. पाचवे चाकही नव्या मापाचे घ्यावे, की घरी पोहोचण्यापुरती जुनी स्टेपनी पुरे? आणि रिम लोखंडी घ्यावी की अलॉय?

उत्तर १ (खारघर)

पाचवे चाक त्याच मापाचे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या टायरचा व्यास साधारण 693 मिमी आणि नव्याचा 703 मिमी भरतो. फरक दीड टक्क्याचा असला, तरी एका किलोमीटरमागे लहान चाक जवळपास सात फेरे जास्त घेते. जिम्नीला मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नाही. त्यामुळे फोर-हाय किंवा फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, पण कमी वेगात) पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारा दांडा) एकाच वेगाने फिरतो आणि चाकांमधला फरक गिअरांत पिळासारखा साठत जातो. चिखलात किंवा मुरमाड वाटेवर चाक थोडे घसरते आणि तो पीळ सुटतो, डांबरावर मात्र त्याला सुटायला जागा मिळत नाही.

तरीही सगळा दोष स्टेपनीला देता येणार नाही. चारही चाके एकसारखी असती, तरी डांबरावर फोर-हायमध्ये वळणे घेतल्यास हेच झाले असते. स्टेपनीने त्यात भर घातली इतकेच. लिव्हर अडकल्यास ती जोर लावून ओढू नये. गाडी सरळ रेषेत काही फूट मागे घेतली, की बहुधा ती सुटते.

निरुपायाने वेगळ्या मापाचे चाक लावावेच लागले, तर ते पुढे लावावे. टू-हायमध्ये इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर येतो, म्हणून मागची जोडी सारखी हवी. तुमच्या प्रसंगात पुढचे एक चाक मागे आणून स्टेपनी पुढे लावायला हवी होती. भर उन्हात दोनदा जॅक लावणे जिवावर येते हे मान्य, पण तेवढे कष्ट घ्यावेत.

उत्तर २ (कोलशेत, ठाणे; गॅरेज आहे)

रिमबाबत मी लोखंडी सुचवेन. दगडावर आपटून लोखंडी रिमची कड वाकली, तर हातोड्याने ठोकून ती हवा धरण्याइतकी सरळ करता येते. अलॉयला तडा गेला तर वाटेत काहीच इलाज नसतो. मात्र रिमचे छिद्र-अंतर 5x139.7 (139.7 मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच छिद्रे) असावे, ऑफसेट (रिम आत-बाहेर किती बसते ते अंतर) मूळ चाकाशी जुळावा आणि त्या रिमला बसणारे नट गाडीतच ठेवावेत. बाजारातल्या अलॉयचे नट लोखंडी रिमवर नीट टेकतीलच असे नाही, आणि माझ्याकडे आलेल्या एका गाडीची छिद्रे याच कारणाने झिजून लांबट झाली होती.

टायर घेताना कडेवरचे चार आकडे वाचावेत. 2319 म्हणजे टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दरवाज्यावरची स्टेपनी वर्षभर ऊन-पाऊस खाते, म्हणून नक्षी कोरी दिसली तरी रबराला बारीक चिरा पडतात. पाचही चाके आळीपाळीने फिरवत राहिल्यास झीज सारखी होते आणि स्टेपनी नुसती टांगून म्हातारी होत नाही. कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असलेला टायर मात्र घेऊ नये, कारण अशी स्टेपनी एकाच बाजूला योग्य चालते.

मोठे माप घेतल्यास मागच्या दरवाज्याच्या बिजागरीवरचा भारही वाढतो. त्यामुळे 235/75 चा मोह असल्यास आधी जुने आणि नवे चाक वजन करून पाहावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. चाक पुढे-मागे करण्याचे मला सुचलेच नव्हते. आज स्टेपनीवरचे आकडे पाहिले, 1423 आहेत. वाल्व्हपाशी चिरा दिसू लागल्या आहेत. लोखंडी रिमवर 215/75 घेतो आणि नट वेगळ्या पिशवीत पान्ह्याजवळच ठेवतो.