मदत हवी आहे: पार्किन्सन्स, ऑनलाइन थेरपी आणि हातपाय सोडून बाकीचे त्रास

बाबांना पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. थरथर गोळ्यांनी आटोक्यात आहे, चालणंही ठीक. आम्ही टेकीला आलोय ते भलत्याच गोष्टींनी: बद्धकोष्ठता, रात्री झोपेत ओरडणं आणि हातपाय झाडणं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि कशातच मन नसणं. उदास दिसत नाहीत, रडत नाहीत. विचारलं तर "बरंय की" म्हणतात. पेपरची घडीसुद्धा मोडत नाहीत.

दोन महिने व्हिडिओवर फिजिओ चालू आहे. बाई मनापासून शिकवतात, पण सगळा भर तोल आणि हातपाय यांवर. झोप, मन, रक्तदाब कुणाच्याच वाट्याला नाहीत.

मागच्या आठवड्यात मी वहीत गोळीची वेळ आणि त्यासमोर बाबांची अवस्था लिहायला लागले. तेव्हा उलगडा झाला. सेशन असतं अकराला, आणि सकाळच्या लिव्होडोपाचा (पार्किन्सन्सच्या गोळीचा) अंमल नेमका तेव्हाच उतरत आलेला असतो. घाम, घालमेल, शून्यात बघणं सगळं त्याच तासात. आम्हाला वाटायचं कॅमेऱ्याला बुजतात! शिवाय आडवं असताना वरचा रक्तदाब 138, उभं राहून तीन मिनिटांनी 110. 20 किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं, हे मला आत्ता कळलं. घातलंय. तोवर उभ्याने करायचे व्यायाम बंद. बाई पडद्यापलीकडे, बाबा पडले तर धरणार कोण?

आता प्रश्न. फोनवरून किंवा व्हिडिओवरून सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) कुणी घेतलंय का? नैराश्यावर ते फोनवरूनही उपयोगी पडतं असं वाचलं, पण बाबांची मला निरिच्छता वाटते, नैराश्य नाही. तिथे काय चालतं? ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) कॅमेऱ्यातून घर बघून दिनक्रम बांधून दिलाय का कुणाला? आणि आईसाठी वेगळी वेळ मागावी का? रात्रीचं ओरडणं ती बाबांसमोर सांगतच नाही.

गोळ्यांचे सल्ले नकोत, ते डॉक्टर बघतील. इथल्या शुभंकरांचे, म्हणजे घरी रुग्णाची काळजी घेणाऱ्यांचे, अनुभव हवेत.

ता.क. काल सेशन साडेनऊला घेतलं, बसूनच. संपल्यावर बाबा आपणहून म्हणाले, "झालं एवढ्यात?" सहा महिन्यांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. कंटाळून विचारला की आणखी हवं होतं म्हणून, ते मात्र कळलं नाही.