उकुलेले: कॉन्सर्ट की टेनर? चौथी तार 'हाय जी' की 'लो जी'? (मदत हवी आहे)

संध्यासूर:
पहिलंच उकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) घ्यायचं आहे. पेटी येते, गिटार हातात धरलेली नाही. माझी पट्टी (गाण्याचा सा) काळी ५. गाताना कॉर्ड्सची साथ करायची आहे आणि भावगीतांच्या चालीही तारेवर वाजवायच्या आहेत. दुकानात चार आकार दाखवले. बोटं जाड आहेत, म्हणून सगळ्यात मोठं घ्या म्हणाले. 'लो जी' म्हणजे काय? तो नंतर बसवता येतो का? वाद्य रत्नागिरीत राहणार आहे.

मंद्रपंचम:
आकार मागाहून ठरवा, आधी ट्यूनिंग. सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर हे तिन्ही आकार चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत जी-सी-ई-ए अशीच लावतात. फरक चौथ्या तारेत. नेहमीच्या हाय जी पद्धतीत ती ३९२ हर्ट्झला असते, म्हणजे शेजारच्या सी तारेपेक्षा (२६१.६) उंच. त्यामुळे वाद्याचा सर्वांत खालचा स्वर मोकळी सी. पांढरी १ ला (म्हणजे सी) सा धरलात तर मंद्रातला एकही स्वर नाही, आणि चाल मंद्र नी-धकडे वळली की तिथेच तुटते. लो जी म्हणजे तीच तार एक सप्तक खाली, १९६ हर्ट्झला. मग मंद्र प, ध, नी मिळतात.

हाय जी ठेवूनही वाट आहे. सा पांढरी ४ ला (म्हणजे एफ) धरा: दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांनी पडलेला घर) सा, मोकळी सी मंद्र प, तार सा पहिल्या तारेच्या आठव्या फ्रेटवर. फक्त साथच करायची असती तर मी हाय जीच सुचवला असता, कारण कॉर्डचे चारही स्वर जवळजवळ राहतात आणि झंकार मोकळा येतो. तुम्हाला चालीही हव्यात, म्हणून लो जी.

काळी ५ साठी तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि जी, सी, डी७ या कॉर्ड्सचे आकार धरा. लो जी असेल तर कॅपोनंतर मोकळी चौथी तार हाच तुमचा सा. गिटारचा कॅपो जड पडतो, उकुलेलेचा वेगळा मिळतो.

फ्रेटकाम:
जाड बोटांना दोन मापं बघा. एक स्केल, म्हणजे नटपासून (दांडीच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (खोक्यावर तारा बांधतात ती पट्टी) तारेची लांबी: सोप्रानो साधारण ३४५ मिमी, कॉन्सर्ट ३८०, टेनर ४३०, बॅरिटोन ४८० ते ५१०. लांबीला १७.८ ने भागलं की पहिल्या फ्रेटची रुंदी येते: सोप्रानोवर सुमारे १९ मिमी, टेनरवर २४. दुसरं माप नटची रुंदी, आणि अडचण बहुतेक वेळा तिथेच असते. ३५ मिमीच्या नटवर टेनरसुद्धा दाटीवाटीचं वाटतं, ३८ चा नट असलेला कॉन्सर्ट सोपा जातो. दुकानात मोजपट्टी घेऊन जा.

लो जीसाठी टेनर बरं. तीच तार त्याच स्वराला जास्त लांबीवर ताणली की ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सोप्रानोवर लो जी ढिली पडते, छेडली की डुलते आणि बाकीच्या तारांपुढे दबते.

बॅरिटोन नको. त्याचं ट्यूनिंग डी-जी-बी-ई, गिटारच्या पहिल्या चार तारांसारखं. उकुलेलेचा सी कॉर्ड तिथे जी होतो. त्याच तारा जी-सी-ई-ए पर्यंत ओढायला जाऊ नका. पाच अर्धस्वर वर म्हणजे ताण जवळपास पावणेदोन पट, तार तुटेल किंवा ब्रिज उखडेल. स्टीलच्या तारा तर कुठल्याच आकाराला नकोत.

संध्यासूर:
आभारी आहे. ३८ मिमी नटचं टेनर आहे, पण त्यावर हाय जी आहे. लो जी घरी बसवता येईल?

फ्रेटकाम:
येईल. असलेली तार सैल करून सप्तकभर उतरवू नका, ती लोंबेल. 'टेनर, लो जी' लिहिलेला संच किंवा सुटी तार घ्या. न गुंडाळलेली (वरून धातूचं वेटोळं नसलेली) फ्लुरोकार्बनची (नायलॉनसारखं प्लास्टिक) लो जी जवळपास १ मिमी जाड असते आणि नटवरच्या हाय जीच्या खाचेत पूर्ण बसत नाही. ती वर राहिली की पहिल्या दोन-तीन फ्रेटवर स्वर चढे लागतात. खाच फक्त बाजूंनी रुंद करा, बारीक पॉलिशपेपर दुमडून हळूहळू. खोल केलीत तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर भणभणेल आणि नट बदलावा लागेल. तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा: पहिल्या फ्रेटवर कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. गुंडाळलेली तार बारीक असते, बहुधा खाचेला हात लावावा लागत नाही, पण बोट सरकताना खरखर येते.

मंद्रपंचम:
साधा ट्यूनर नुसता 'जी' दाखवतो, सप्तक सांगत नाही. बरेच जण इथेच नवी तार वर ओढून तोडतात. कानाने पडताळा: लो जी बरोबर असेल तर चौथ्या तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी सी एकच स्वर देतात. नायलॉन आणि फ्लुरोकार्बन पहिले काही दिवस ताणत राहतात, रोज लावावं लागेल.

रत्नागिरीच्या पावसाळ्यासाठी लॅमिनेटचं (लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेलं) घ्या. अखंड लाकूड दमट हवेत फुगतं, वरची फळी फुगली की ब्रिज उचलला जातो आणि तारा फ्रेटपासून उंच होतात. लॅमिनेटचा आवाज थोडा कमी खुलतो, पण ते टिकतं. जून ते सप्टेंबर बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि पुड्या ओलसर झाल्या की बदला.